कराडहून येणाऱ्या ओळी

घरचे फोटो परक्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायला मला अजिबात आवडत नाही. म्हणून कराडच्या घरातल्या कॉम्प्युटरवरचं सगळं माझ्या सांगलीच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणारी एक कमांड मी लावून ठेवली होती. तिकडे जे असेल तेच इकडे, तिकडे पुसलं की इकडेही पुसायचं, असं मीच तिला बजावलेलं. थोड्या थोड्या वेळानं ती आपोआप चालायची आणि काही बदललं असेल तरच काळ्या पडद्यावर ओळ उमटायची.

वडील गेल्यापासून पडदा कोराच होता. मग एका दुपारी ओळी यायला लागल्या. ‘डिलीटिंग: आई, घाटावर.’ ‘डिलीटिंग: आई, नवी शिलाई मशीन.’ फोटोंना ही नावं वडिलांनीच दिलेली. त्यांचा स्वतःचा एकही फोटो जात नव्हता. जात होते ते फक्त आईचे.

कमांड थांबवायची सोडून मी फोन लावला. ‘आई, तुझे फोटो का पुसतेस?’

मग ती दबक्या आवाजात म्हणाली, ‘तुला कुणी सांगितलं रं? घरात मी एकलीच हाय.’

‘इथं दिसतं मला.’

‘आत्ता मी काय करतीय, ते बी दिसतंय?’

‘नाही गं.’

‘बरं हाय मग. ते गेल्यापास्नं माझं मलाच बघवत न्हाई.’

फोनवर माऊसची टिकटिक ऐकू आली. थोड्या वेळानं पडद्यावर ओळ उमटली: ‘डिलीटिंग: आई, बारशाच्या दिवशी.’

त्या फोटोत तिच्या मांडीवर मी होतो.