करपलेली कड

नवीन पनवेलात तिसऱ्या मजल्यावर राहणारे विश्वजीत दाबके हे काही वाईट गृहस्थ नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे त्यांची बाजू घ्यायला फारशी जागा मिळणार नाही. तळोज्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. पेन्सिलची रेघ अशी मारत की साहेबलोक कागद उजेडाला धरून बघत. पुढे कारखान्यात संगणक आले, त्यांच्या मागोमाग दोन कोवळे इंजिनियर आले आणि दाबक्यांचा ड्रॉइंग बोर्ड गोदामात जाऊन पडला. दाबक्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. यंत्राने केलेल्या कामाचा राग मात्र ते घरी घेऊन आले.

२००६ साली त्यांनी मुंबईहून स्क्रोल सॉ आणला. म्हणजे टेबलावर ठेवायची विजेची करवत. तिच्यात जाड दोऱ्याएवढं पातं उभं ताणून बसवतात, ते खालीवर नाचत राहतं आणि आपण लाकूड त्याच्यासमोर फिरवायचं. हात चांगला असेल तर फळीतून नाजूक जाळी निघते. दाबक्यांचा हात चांगलाच होता. बाल्कनीत बसून त्यांनी मोर कापले, तोरणं कापली, अख्ख्या सोसायटीच्या दारांवर नावाच्या पाट्या लावल्या. पाती परदेशातून यायची. पुतण्या दर वर्षी पाकिटं आणायचा, कारण दाबक्यांच्या मते इथली पाती काकडी कापायच्या लायकीची होती. त्यांच्या पत्नी वसुंधराबाई रोज भुसा झाडत आणि म्हणत, सवत आणली असतीत तर निदान अर्धा केर तरी तिने काढला असता.

आठ वर्षांत दाबके आसपासच्या चार सेक्टरांत लाकडातले जाणकार ठरले. खरं म्हणजे त्यांना पॅकिंगच्या खोक्यांची मऊ फळी आणि प्लायवूड यापलीकडे लाकूड माहीत नव्हतं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला कितीसा वेळ लागतो? त्यांच्या वयाच्या लोकांचं एक छांदिष्ट मंडळ होतं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमायचं. २०१४ च्या जानेवारीत मंडळाने प्रदर्शन भरवलं. ते सगळ्यांना खुलं होतं आणि अट एकच होती, वस्तू स्वतःच्या हाताने केलेली हवी. लाकूडकामाला परीक्षक म्हणून दुसऱ्या कुणाचं नावही निघालं नाही.

त्या दिवशी हॉलमध्ये गर्दी एकाच टेबलापाशी होती. जुन्या पनवेलात टपाल नाक्याजवळ शिलाई मशीन दुरुस्त करणारे वहाब मुकादम यांनी एक गलबत आणलं होतं. अर्धा इंच जाडीच्या जुन्या सागात कापलेलं, शिडं फुगलेली आणि डोलकाठीपासून काठापर्यंत सुतळीएवढ्या बारीक दोऱ्या, त्याही लाकडातच कापलेल्या. वडील उरणच्या बंदरात खलाशी होते, असं वहाबभाई विचारणाऱ्याला हळूच सांगत होते. चाळीसेक माणसं भोवती उभी होती. दाबक्यांच्या मोराकडे त्या दिवशी कुणी फिरकलं नव्हतं, हेही इथे नोंदवायला हवं.

दाबके आले, वाकले, कडेवरून बोट फिरवलं. कड तपकिरी होती. करपल्यासारखी. बोटाला किंचित काळपट लागलं. लेसरने कापलेल्या लाकडाची कड करपते हे दाबक्यांना ठाऊक होतं, कारण असल्या यंत्रांवर ते वर्षभर तोंडसुख घेत होते. त्यांनी बोट वर करून सगळ्यांना दाखवलं.

"हे लेसरचं काम आहे," ते म्हणाले. "कॉम्प्युटरला चित्र द्यायचं आणि बाजूला उभं राहायचं. हाताचा यात संबंध नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. वहाबभाईंनी एकदाच सांगितलं की हे मीच कापलंय. दाबके हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. गर्दीही त्यांच्यामागे गेली. वहाबभाईंनी गलबत चादरीत गुंडाळलं आणि ते निघून गेले. बक्षीस दाबक्यांनी कुणाच्या तरी पाटाला दिलं. संध्याकाळी घरी त्यांनी हा पराक्रम वसुंधराबाईंना दोनदा सांगितला.

मे महिन्यात नेरे गावातल्या एका ओळखीच्या फार्महाउसवर जुनी चौकट मोडली आणि तिचा साग दाबक्यांना मिळाला. पुतण्या त्या वर्षी आला नव्हता. शेवटचं एक पातं उरलं होतं, तेही वापरून गुळगुळीत झालेलं. नक्षीच्या कागदावर ते नेहमी पारदर्शक चिकटपट्टी लावत, पुस्तकात तसं सांगितलं होतं म्हणून. ती कागद नीट बसण्यासाठी असते अशी त्यांची समजूत होती. ती संपली होती, म्हणून या वेळी त्यांनी कागद नुसत्या डिंकाने चिकटवला. दुपारी चारला करवत सुरू केली. लाकूड पुढे सरकेना, म्हणून जोर लावला.

स्वयंपाकघरातून वसुंधराबाईंनी विचारलं की काय करपतंय. त्यांनी गॅस बघितला, तो बंद होता. दाबक्यांनी करवत थांबवून तुकडा बाहेर काढला. कड तपकिरी होती. वळणांवर जास्त, सरळ रेषेत कमी. त्यांनी बोट फिरवलं आणि बोटाला तेच काळपट लागलं.

बोथट पातं सागात घासून तापलं होतं; चिकटपट्टी नसली की लाकूड करपतं, हे दाबक्यांना आज कळलं. ते तसेच स्टुलावर बसून राहिले आणि ते गलबत त्यांना आता पहिल्यांदा दिसलं. शिडांच्या वळणांवर कड गडद होती, दोऱ्यांच्या सरळ बाजूंना फिकी. लेसर असं सहसा करत नाही, ते बहुतेक सगळीकडे सारखंच जाळतं. आणि प्रत्येक दोरीच्या टोकाशी एक टाचणीएवढं भोक होतं, पातं आत घालण्यासाठी पाडलेलं; लेसरला असं भोक लागतच नाही. ते भोक त्यांनी त्या दिवशी पाहिलं होतं. आठ वर्षं रोज अशी भोकं पाडणाऱ्या माणसाने ते पाहिलं, आणि तरी बोट वर केलं. याची लाज त्यांना इतकी वाटली की आरशासमोर दाढी करतानाही त्यांनी नजर हनुवटीच्या वर नेली नाही.

दोन दिवसांनी त्यांनी वसुंधराबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग इथे काय बसलात? पण दाबके बसून राहिले. ऊन फार आहे, गुडघा दुखतोय, वहाबभाई विसरलेही असतील, अशी कारणं काढत तीन आठवडे गेले. पुतण्याने कुरियरने पात्यांचं पाकीट पाठवलं तेव्हा त्यांना धीर आला. रिकाम्या हाताने जायला नको, असं म्हणून पाकीट खिशात घातलं आणि ते टपाल नाक्याला गेले.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. दारातच पायाच्या मशीनवर वहाबभाईंच्या पत्नी सुरैय्याभाभी उशीचे अभ्रे शिवत होत्या. वहाबभाईंनी दाबक्यांना ओळखलं, स्टूल पुसून दिलं आणि चहा सांगितला. या अदबीने दाबके आणखीच खचले. करवत कुठे दिसते का म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुठेच नव्हती. शेवटी त्यांनी विचारलंच.

वहाबभाईंनी बायकोच्या मशीनकडे बोट दाखवलं. हीच ती. सुईच्या जागी पातं बसवलं होतं, खालची पट्टी कापून भोक मोठं केलं होतं, पायाने चालवायची. आता सुई परत लावली.

"अकरा महिने लागले त्या गलबताला," सुरैय्याभाभी मान वर न करता म्हणाल्या. "पाती कुठे मिळतात इकडे? एकेक पातं दात झिजून जाईपर्यंत चालवायचे हे. मी म्हणायची, लाकूड जळतंय. तर म्हणायचे, जळू दे, तुटत तर नाही."

दाबक्यांनी घरून घोकून आणलेली वाक्यं कशीबशी म्हटली. माझी चूक झाली, मी नीट पाहिलं नाही, मला माफ करा. आणि खिशातून पात्यांचं पाकीट काढून पुढे केलं.

वहाबभाईंनी पाकीट घेतलं, उघडलं, एक पातं उजेडात धरून त्याचे दात पाहिले. कारागीर पाहतो तसंच पाहिलं. मग ते परत आत सरकवून पाकीट दाबक्यांच्या हातात दिलं.

"दाबके साहेब, मला कशाला सांगता? मी कापलंय हे मला मालूमच होतं. ज्यांना मालूम नव्हतं, त्यांच्यासमोर बोलला होतात तुम्ही."

ते रागाने बोलले असते तर दाबक्यांना बरं वाटलं असतं. चहा आला, तो त्यांना प्यावा लागला. मशीन चालूच होती.

जूनच्या दुसऱ्या रविवारी दाबके मंडळाच्या बैठकीला गेले. विषय माथेरानच्या सहलीचा होता. जिना चढताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं की 'थोडा गैरसमज झाला होता' असं म्हणावं. म्हणजे चूक कुणाची ते कुणाच्या ध्यानात येणार नाही. सहलीचं संपल्यावर ते उभे राहिले आणि खरोखरच तसं म्हणाले. जानेवारीतल्या प्रदर्शनात एका गलबताबद्दल थोडा गैरसमज झाला होता. लोक चेहरे कोरे ठेवून ऐकत होते. कुणाला गलबत आठवत नव्हतं, माणूसही आठवत नव्हता. एकाने घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात मंडळाच्या चिटणीस रमाताई, फार मायाळू बाई, मदत करावी म्हणून म्हणाल्या, "कोण, ते लेसरवाले का?"

आणि सगळ्यांना आठवलं. हो हो, ते लेसरवाले. माना हलल्या, दोघेतिघे हसले. अकरा महिन्यांचं काम कुणाच्या डोळ्यांत राहिलं नव्हतं, दाबक्यांचं एक वाक्य मात्र पाच महिने जसंच्या तसं टिकलं होतं. बुंद से गयी वो हौद से नहीं आती, ही म्हण दाबक्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती.  खाली बसता आलं असतं. खुर्ची मागेच होती.

"त्यांचं नाव वहाब मुकादम," दाबके म्हणाले.  "ते काम त्यांनी हाताने केलं होतं. गैरसमज वगैरे काही झाला नव्हता. माझ्या कामाकडे कुणी बघत नव्हतं, म्हणून दिसत असूनही मी तसं बोललो."

 मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ, ज्यांच्या दारावर दाबक्यांनी कापलेली पाटी होती, गोंधळून म्हणाले, "पण दाबके, आम्हाला त्यातलं काय कळतंय? तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही मानलं."

"हो," दाबके म्हणाले. "म्हणूनच सांगतोय."