कोंडाबाईच्या अडुळशाची परीक्षा

कासारसाईच्या कोंडाबाईने माझा पहिलावहिला प्रयोग मातीत घातला. साल एकसष्ट. मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नवा, म्हणजे शहाणपणा नुसता उतू चाललेला.

कोंडाबाई धनगराची. शेरडं राखायची आणि खोकल्याला अडुळशाचा रस द्यायची. भुकेलं शेरडूसुद्धा ज्या पाल्याला तोंड लावत नाही त्यात काहीतरी असणारच, एवढंच तिचं शास्त्र. आमच्या शास्त्राला पुरावा हवा होता.

मी दोन बरण्या नेल्या. एकीत अडुळसा, दुसरीत तसंच दिसणारं कडू पाणी. कुठलीत काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. ती चिठ्ठी पुण्यात कुलपात होती. खोकणारे वीस जण जमवले. दहांना या बरणीतलं, दहांना त्या बरणीतलं, आणि रोज वाटायचं काम कोंडाबाईचं. त्या विसांत तिचा नवरा म्हसूही होता.

"थोरला ल्योक ह्यांना दवाखान्यात न्यायचं म्हनतुया," ती म्हणाली. "माज्या पाल्यात गुण हाय का न्हाई, तेवढं सांगा. नसंल तर नेते."

"महिनाभर थांबा, नक्की सांगतो," मी ऐटीत म्हणालो.

महिन्याने येऊन बघतो तर इकडचे सहा बरे, तिकडचेही सहाच. म्हसू मात्र पार खंगलेला. माझं डोकं चालेना. गुण असेल तर दोन्हीकडे सारखा कसा? आणि नसेल तर बारा जण बरे झाले कशाने?

"कोंडाबाई, बरण्या वेगळ्या ठेवल्या होत्या ना?"

"एकाच भांड्यात वतल्या," ती सरळ म्हणाली. "शेरडी व्याली तर चीकसुदीक आमी घरटी सारखा वाटतो. दुखणेकऱ्यांत दुजाभाव कसा करू?"

"सगळं वाया घालवलंत!" मी ओरडलो. वयाने आईएवढ्या बाईवर ओरडलो.

"पर गुण हाय का न्हाई?"

"आता कळणार नाही."

"म्हंजी न्हाई?"

"तसं नाही."

"मग हाय?"

"तसंही म्हणता येत नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. इतकं शिकून मला हो की नाही सांगता येत नव्हतं, आणि त्याची मला भयंकर लाज वाटली. आत म्हसूला उबळ आली होती.

"तुमचं काय, फिरून हुईल, सायेब," ती म्हणाली. "ह्यांचा महिना गेला की वो."