दुसरीच्या मापाचा कोट

"उसव म्हणजे? माझ्याच वाढदिवसाचा कोट मीच उसवू?" थोरलीने विचारलं.

"अगं, तुझ्या डाव्या हाताचा खेळ आहे तो," नवरा म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम."

"मग तुम्हीच बसा की अर्धा तास."

"शिलाईत दीड इंच कापड दाबून ठेवलंय मी," थोरलीच्या दुकानातली कटिंगवाली हळूच म्हणाली. "लागेल तेवढं सोडता येईल."

"म्हणजे लागणार हे तुला माहीत होतं!"

कटिंगवालीने बशीतली नासपतीची फोड उचलली आणि खाल्ली नाही.

कोट तेव्हा धाकट्या जावेच्या अंगावर होता. गडद निळा, गुडघ्याखाली जाणारा. थोरलीच्या खांद्यात तो अडकला, म्हणून "बघू बरं, कसा बसतो" असं कुणीतरी म्हणालं, धाकटीने घातला, आणि अंगणातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसलाच होता तसा. ओतल्यासारखा.

थोरलीला सगळे अस्तरवाली म्हणत. नाव दुकानात पडलं आणि तिच्या मागोमाग घरी आलं. बावीस वर्षं ती कोटांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून अस्तरं लावत होती. झाडांची पानं गळायला लागली, की लोक डांबरगोळ्यांचा वास मारणारे कोट घेऊन येत आणि सगळ्यांना ते परवाच हवे असत. तिचा वाढदिवस नेमका त्याच धांदलीत. धाकटीचा तिच्या आधी तीन दिवस. नऊ वर्षांपूर्वी धाकटी लग्न होऊन घरात आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दोनदा पसारा कशाला? धाकटीच्या वेळीच तुझाही उरकू."

धाकटीचा साजरा व्हायचा, हिचा उरकायचा.

धाकटी वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती वाईट नव्हती. भांडी घासायला पहिली उठायची. पण तिच्या विनोदावर शेजारीपाजारी पोट धरून हसत, आणि तोच विनोद हिने सांगितला तर "मग पुढे?" असं विचारत. हिच्याच दुकानातल्या बायका फाटकातून आत आल्या की आधी तिच्या गळ्यात पडत. सासूबाई हिला सूनबाई म्हणत, तिला बाळ. हे सगळं अस्तरवालीने नऊ वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं, पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

आजची दुपार मात्र छान गेली होती. ऊन सौम्य होतं. टेबलक्लॉथवर पिवळी पानं पडत होती आणि कुणी ती झटकत नव्हतं. शेजारच्या निवृत्त पोस्टमनने माउथ ऑर्गन वाजवला, तोही दोन ठिकाणी चुकून, आणि ती मनापासून हसली. मग लेकीने खोकं पुढे केलं. उघडते तर आत कोट. जन्मभर दुसऱ्यांच्या कोटांना अस्तरं लावली, स्वतः मात्र नवऱ्याचा जुना घालून फिरली. आधी तिने कोट उलटा करून अस्तर पाहिलं, टाका चांगला होता. बाहीत हात घालेपर्यंत तिला धाकटीची आठवणसुद्धा नव्हती.

"आई, तुझं माप गुपचूप घेणार कसं?" लेक रडवेली झाली. "काकू म्हणाली, माझंच घ्या. आम्ही दोघी सारख्याच."

"सारख्याच?"

"मी तुमचा स्वेटर घालते ना, ताई," धाकटी म्हणाली. "मला होतो की तो."

"होतो! त्यात तुझ्यासारख्या दोघी मावतील."

दुकानात एक नियम होता. चिठ्ठीवर येईल त्या मापाने कापड कापायचं, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही. कटिंगवाली नियमाने वागली होती. पण बावीस वर्षं दोघी एका बाकावर बसून डबा खात आल्या होत्या. कटिंगवाली रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची छाती नुसत्या नजरेने सांगायची. मशीनवर वाकून वाकून रुंद झालेले हे खांदे तिला दिसले नाहीत? की दिसले, आणि घरच्यांनीच माप दिलंय, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून कात्री चालवली?

"मी काढते, ताई. तुमचाच आहे तो." धाकटी घाईघाईने बटणं सोडायला लागली.

"राहू दे गं बाळ," सासूबाई म्हणाल्या. "ऊन उतरलंय. गारठशील."

अस्तरवाली उठली. तिने आवाज चढवला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला तारीख सांगायची तशी ती बोलली.

"कोट धाकटीने ठेवावा. तिच्या मापाचा आहे. माझा वाढदिवस बुधवारी आहे. बुधवारी मी कामावर जाणार नाही, उद्या तसं सांगते. संध्याकाळी सहा वाजता, इथेच, अंगणात. स्वयंपाकघरात मी पाऊल ठेवणार नाही."

"आणि मग आजचं काय?" नवऱ्याने विचारलं.

"आजचा तिचा झाला. धाकटे, तूही ये बुधवारी. पाहुणी म्हणून. यापुढे दरवर्षी असंच."