नमुन्यादाखल एक

सकाळी सहा चाळीसला पंपांच्या कारखान्यातल्या चाचणीखान्यात पंप सुरू करून ती व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत दाब चढताना पाहत होती. पहिली पाळी सातला सुरू होते. तीन वर्षं ती वीस मिनिटं आधी येत होती. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

"आलात का, एकुलत्या एक?" फिटरकाका आत येत म्हणाले.

हे नाव तिला पहिल्याच महिन्यात चिकटलं; तिच्या कॉलेजातून आलेली ती एकटीच होती. डिझाइन विभागातले बाकी सगळे एकाच नामांकित विद्यापीठातले. दुपारी त्यांचं टेबल ठरलेलं, वसतिगृहाचे किस्से ठरलेले, हसायच्या जागाही ठरलेल्या. तिला कुणी उठवलं नसतं. पण तिचं हसू क्षणभर उशिरा यायचं, म्हणून ती खिडकीपाशी डबा खायची. तिच्या कॉलेजचं नाव सांगितलं की समोरचा विचारायचा, "हे कुठे आलं?"

तिला नोकरी देताना मॅनेजर तिच्यासमोरच म्हणाले होते, "घेऊन बघू एक. चांगली निघाली तर पुढे हिच्या कॉलेजातही मुलाखतींना जाऊ." ते वाक्य तिने धरून ठेवलं. ती अंगात ताप असताना कामावर आली, एकही ड्रॉइंग पुन्हा तपासल्याशिवाय हातातून सोडलं नाही. आपण चुकलो तर कॉलेजला नाव ठेवतील, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. शिवाय यंदा धाकटा भाऊ तिथेच शेवटच्या वर्षाला होता.

अकराच्या सुमाराला मॅनेजरांनी बोलावलं. "उद्या विद्यापीठात मुलाखती आहेत. तू पण चल, पॅनेलवर."

"आणि आमचं कॉलेज, सर? यंदा जायचं होतं."

"तिथे जाऊन काय मिळणार?"

"मी मिळाले की."

ते मनापासून हसले. "तुझी गोष्ट वेगळी. तू तिथली वाटतच नाहीस. तुझ्यावरून कॉलेज कसं जोखणार?"

"आणि माझं काम वाईट निघालं असतं तर?"

"मग प्रश्नच नव्हता," ते म्हणाले आणि वाजणारा फोन उचलला.

कौतुकच होतं ते. तिने बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

संध्याकाळी भाड्याच्या खोलीत गॅसवर दूध ठेवलं, तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, बोललीस का? पोरं माझं डोकं खातायत. तू तिथली मालकीणच आहेस असं समजतात."

"येत नाहीयेत ते."

"का गं? तुझं काही बिनसलं का?"

"नाही रे. चांगलं चाललंय माझं, म्हणूनच." मग तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे तू नापास झालीस तरी आम्ही गेलो, पास झालीस तरी आम्ही गेलो. भारी पेपर आहे!"

दोघंही थोडं हसले.

"पोरांना काय सांगू?"

"सांग, मी विचारलं होतं."

"आणि तू उद्या तिकडे जाणार?"

"हो."

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. जेवलीस का, हे तो रोज विचारायचा. आज विसरला.

दूध उतू गेलं होतं. तिने ओटा पुसला.

उद्या साडेसातला गाडी कारखान्याच्या फाटकातून सुटणार होती आणि तीत तिची जागा ठरली होती. चाचणीखान्यातला पंप उद्या फिटरकाका सुरू करणार होते, पाळीच्या वेळेला, सातला.