शालीखालची आई

आई गेली तेव्हा तिचा चेहरा दिसेल असा एकही फोटो घरात नव्हता. वडिलांचा होता, फेट्यातला, बैठकीच्या भिंतीवर हार घालून लावलेला. त्याच्या शेजारी आईचा फोटो हवा, हे सगळ्यांना पटलं. कोणता लावायचा यावरून मात्र मी माहेरी असं भांडण मांडलं की अर्ध्या उंद्री गावाला ऐकू गेलं असेल.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणून भावाची नोकरी नागपूरला. त्यानं तिथून आमच्या गेलेल्या मावशीचा फोटो मोठा करून, रंग भरून आणला. दोघी बहिणी दिसायला सारख्याच. मावशी मुळातच देखणी, रंगवल्यावर तर राणीच दिसत होती. काकू म्हणाली, "हाच लावा. कोनाले समजते?"

"मले समजते," मी म्हटलं.

माझ्या मनात दुसरा फोटो होता. भाऊ तान्हा असताना शेगावहून फोटोवाला आला होता. पाटलाच्या घरची बाई परक्या माणसासमोर तोंड दाखवणार नाही, असा आजोबांचा हुकूम. आणि बाळ तर आईशिवाय स्थिर बसेना. मग आईला खुर्चीवर बसवून डोक्यावरून शाल टाकली आणि भावाला तिच्या मांडीवर दिलं. फोटोत गुटगुटीत भाऊ आहे, मागे नुसती शाल, आणि बाळाला धरलेले दोन हात. डाव्या हाताची करंगळी वाकडी. लहानपणी जात्यात सापडलेली. त्याच करंगळीनं तिनं माझ्या डोळ्यांत काजळ घातलं. माझ्यासाठी जगात याहून सुंदर फोटो नाही.

"अवं बाई, याच्यात मी हावो," भाऊ म्हणाला. "जित्या मानसाच्या फोटोले हार घालतेत का?"

काकूनं कानांवर हात ठेवले. कुणी म्हणालं, बाळ कापून काढा. बाळ कापलं तर हातही जाणार. मी फोटो छातीशी धरला.

"जलमभर झाकून ठेवलं तिले," मी म्हटलं. "आता मेल्यावर दुसरीचं तोंड लावता काय? मावशीले माय म्हनून हात जोडनार नाही मी."

तेराव्या दिवशी भावानं स्वतःच खिळा ठोकला आणि वडिलांशेजारी तो फोटो लावला. हार ताटात पडून होता. कुणीच उचलेना. हट्ट माझा होता, पण भाऊ एकुलता एक, आणि आता खरं सांगते, माझाही हात धजत नव्हता.

"घाल हार," भाऊ म्हणाला. "मायच्या मांडीवर बसेल आहो मी. मले काय होते?"

मी हार घातला.