केंजळेकाका आणि मुके आजोबा

सकाळी सात वाजता बेल वाजली की समजायचं, वरच्या मजल्यावरचे केंजळेकाका संवाद पाठ करायला आले. कडक इस्त्रीचा झब्बा, हातात कागद. मी डबा भरता भरता इतरांची वाक्यं वाचायची, ते आपली म्हणायचे. मला हिंजवडीची बस गाठायची असे, पण त्यांना काय त्याचं! "अहो, कंप्युटर पळून जातोय का तुमचा?"

बाविसाव्या वर्षी ते एका सिनेमाचे नायक झाले. सिनेमा तुफान चालला आणि तिथंच घोटाळा झाला. पुढं जन्मभर डॉक्टर, वकील, मुलीचा बाप, पडेल ते काम केलं. लोक मात्र, रिक्षावाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत, त्या सिनेमातलंच वाक्य म्हणायला लावत. "त्या सिनेमातल्या पोरानं माझं दुसरं काम कुणाला दिसूच दिलं नाही," काका म्हणायचे. हसत म्हणायचे, पण लागलेलं असायचं.

मग खासगी वाहिन्या आल्या आणि काकांना मालिकेत आजोबांचं काम मिळालं. तिथं नटाला कॅमेऱ्यामागून वाक्यं पुरवायची सर्रास पद्धत. काकांना ती भीक वाटे. "पाठ नसेल तर तोंड उघडू नये." पण पंचाहत्तरीला स्मरणशक्ती दगा देऊ लागली. एका रविवारी मी सोबत चित्रीकरणाला गेले होते. तिसऱ्या वाक्याला काका अडले. पाच वेळा अडले. मागून कुणी वाक्य पुरवलं, तसे ताडकन उठले. "मला काढा, पण मागून बोलू नका!" काम गेलं असतं तर हा माणूस महिनाभरही टिकला नसता.

दिग्दर्शक डोकं धरून बसला. शेवटी काकाच म्हणाले, "आजोबांना झटका आलाय, वाचा गेलीय असं करा की. एकदा घेऊन तर बघा." घेतलं. सून घर सोडून निघालीय आणि आजोबा नुसते तिच्या पिशवीचा बंद धरून बसलेत. मी लाजबीज न बाळगता ढसाढसा रडले.

बोलायचं नव्हतं, तरी सकाळचे सात चुकले नाहीत. आता ते इतरांची वाक्यं पाठ करत. "ऐकायचं कसं, हे नको का ठरवायला?"

असं चार वर्षं चाललं. एकदा मंडईत काकांनी कोथिंबिरीचा भाव विचारला, तर भाजीवाली ओरडलीच, "अगं बया, आजोबांना वाचा फुटली!"

काका जुडी घेऊन थेट आमच्या दारात. डोळे भरलेले.

"तिनं तो सिनेमा पाहिलाय हो, मी विचारलं," ते म्हणाले. "तरी तिला आजोबाच आठवले."