अधिक-उणे किती?

आकडा एकटा दिसला की आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना चैन पडत नसे. बस नऊला येते म्हटलं, की लगेच, "अधिक-उणे किती?" नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीवर उरलं होतं. सगळे त्यांना अधिक-उणे सरच म्हणत.

सरांच्या घरीही तेच. "जेवायला किती जण?" काकू विचारायच्या.

"सहा, अधिक-उणे दोन."

"मग आठांच्या पोळ्या करते. उरल्या तर उद्या तुमच्याच ताटात."

पहिल्या वर्षी मी तारेची जाडी मोजली आणि वहीत पाचही वाचनं सारखीच लिहिली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पाच वेळा मोजलीस, की एकदा मोजून पाच वेळा लिहिलीस?"

"एकदाच, सर."

मला वाटलं, वही फेकतील. त्यांनी शेजारी स्टूल ओढलं आणि माझ्याकडून दहा वाचनं घेतली. दहातली दोन-तीनच जुळली. मी खजील झाले. सर मात्र खुलले. "आता तार खरं बोलतेय. सरासरी लिही, आणि वाचनं तिच्या किती इकडे-तिकडे जातात तेही लिही. आपल्याला किती ठाऊक नाही, हे सांगितल्याशिवाय मोजणं पुरं होत नाही, पोरी."

त्याच वाक्यावर आज माझं पोट चालतं. ओझरला एका कारखान्यात मी मापं तपासते. अजूनही कुणी नुसता आकडा सांगितला, की त्यांचा प्रश्न ऐकायला माझी मान वळते.

निवृत्तीनंतर सर पिंपळगावला राहायला गेले, माझ्यापासून वीस मिनिटांवर. गेल्या जूनमध्ये त्यांचा फोन आला. "डॉक्टर म्हणाले, सहा महिने. मी विचारलं, अधिक-उणे किती? गप्पच बसले. प्रॅक्टिकल कच्चं आहे त्यांचं."

ते हसले, म्हणून मीही हसले. मनात महिने मोजले. "दिवाळीच्या सुट्टीत निवांत येते, सर."

"ये. आधी आलीस तरी चालेल."

सर गणपतीतच गेले. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासणारी मी. तो एक आकडा मात्र जसाच्या तसा, एकटा घेतला होता.

भेटायला गेले तेव्हा काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून दाखवलं. दिवाळीच्या चौकटीत सरांच्या अक्षरात माझं नाव होतं. पुढे ± काढलेलं, आणि त्यापुढची जागा कोरी.

"रोज फाटकाकडे बघायचे," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, ती उणेतच येईल."